सावलीवरून मोजलेलं विमान

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की दिल्लीवरून विमानं जायला लागतात. सव्वीस तारखेची तालीम. आधी काहीच नसतं. धुकं असतं, खाली गेटवर गार्डनं पेटवलेल्या शेकोटीचा धूर असतो, कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते, आणि मग एकदम खिडक्यांच्या काचा थरथरतात. मान वर करेपर्यंत विमान पुढे गेलेलं असतं. जिथून आवाज येतो तिथं नुसतं पांढुरकं आकाश. लहानपणी वाटायचं, माझंच बघायचं चुकतंय. अजूनही मी आवाजाच्या दिशेनंच बघते, आणि अजूनही चुकते.

आता आम्ही नॉएडात राहतो, अकराव्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी आणि आई. आई ब्याऐंशीची आहे. तिला ऐकू कमी येतं, पण हा आवाज आपल्याला पलंगाच्या लोखंडातून कळतो, असं तिचं म्हणणं. परवा मटार सोलता सोलता ती थांबली.

"आली का गं?"

"आली."

"यंदा लवकर आली."

आणि पुन्हा मटार. वर्षानुवर्षं जानेवारीत आमचं एवढंच बोलणं होत आलंय. एवढंच बोलून आम्ही दोघी आपापल्या कामाला लागतो, आणि माझ्या डोक्यात मात्र दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगर कॉलनीतला तो एक हिवाळा उघडून बसतो. त्यातलं काय आधी झालं आणि काय नंतर, ते मला पाठ आहे. का झालं ते विचारू नका. तिथं माझा अजून गोंधळ आहे.

त्या हिवाळ्यात मी दहावीत होते. कॉलनीत सगळे केंद्र सरकारचे नोकरदार, कोणी मद्रासकडचे, कोणी बंगालचे, आणि दर तिसरं घर पंजाबी. थंडीत दुपारी सगळी कॉलनी उन्हात यायची. समोरच्या हिरवळीवर बाजा टाकायच्या, संत्री सोलायची, स्वेटर विणायचे, पेपर वाचायचे. बोर्डाला बसलेली पोरं पुस्तकं घेऊन तिथंच लोळायची. मला अजून फिजिक्सचं पुस्तक म्हटलं की संत्र्याच्या सालीचा वास येतो.

आम्ही अहमदनगरकडचे मराठी ख्रिस्ती. दिल्लीत या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागायच्या, आणि दोन्ही सांगितल्या की समोरचा बुचकळ्यात पडायचा. "मराठी भी और क्रिश्चन भी?" खालच्या मजल्यावरच्या चोप्रा आंटींनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. माझं नाव रूथ. त्या मला 'रुत' म्हणायच्या. हिंदीत रुत म्हणजे ऋतू, हे मला कळलं तेव्हा मी खूश झाले होते. 

माझे वडील, पप्पा, सरकारच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर नकाशे काढायचे. विमानांचे नाही. क्वार्टरांचे जिने, गच्चीवरच्या टाक्या, सांडपाण्याच्या नळांची वळणं. माणूस अबोल, चष्मा जाड, आणि हात असा की रेघ मारली तर ती छापल्यासारखी दिसावी. विमानाचं वेड म्हणावं तर तसं काही नव्हतं. ते आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. जत्रेतल्या पाळण्यात बसले तरी त्यांना मळमळायचं.

रविवारी आम्ही बसनं छावणीकडच्या चर्चला जायचो. वाटेत एक चौक लागायचा. त्या चौकात सिमेंटच्या चबुतऱ्यावर एक निवृत्त लढाऊ जेट नाक वर करून बसवलेलं होतं. पंखांवर कबुतरं. आम्ही दोन-तीन वर्षं त्याच्यावरून जात होतो आणि पप्पांनी त्याच्याकडे मान वळवून बघितल्याचं मला आठवत नाही. मग नोव्हेंबरात एका रविवारी, चर्चहून परतताना, बस त्या चौकात थांबली आणि पप्पा उठले.

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो."

आई म्हणाली, "इथं कुठं?"

पण ते उतरलेसुद्धा. बस निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. चर्चचा कोट घातलेला माझा बाप, हातात आईची छत्री, आणि डोक्यावर ते चंदेरी पोट.

दुपारी दोनला घरी आले तेव्हा त्यांच्या चौकटीच्या वहीची चार पानं आकड्यांनी भरलेली होती. त्यांनी विमान मोजलं होतं. चबुतऱ्यावर चढायला बंदी, म्हणून सावलीवरून. छत्री उभी धरायची. तिची उंची ठाऊक, तिची सावली मोजायची, मग विमानाच्या शेपटीची सावली मोजायची, बाकी त्रैराशिक. पंखांची सावली तर भर दुपारी फरशीवर जवळजवळ तशीच्या तशी उतरते, ती पावलांनी आणि टेपनं मोजायची. नाक वर उचललेलं असल्यामुळे जो फरक पडतो त्याचं वेगळं गणित. "थंडीतलं ऊन बरं असतं," ते म्हणाले, "कडा स्वच्छ येतात."

त्यानंतर दर रविवारी ते त्या चौकात उतरायला लागले.

आणि घरी, जेवणाच्या टेबलावर, कागदाचं विमान सुरू झालं. प्रमाण एकास पन्नास. म्हणजे नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत बरोबर फूटपट्टीएवढं. मी इतकी वर्षं हिंदी अनुवादक म्हणून नोकरी केली, एका भाषेतलं दुसरीत नेताना किती सांडतं ते मला माहीत आहे. पण गोल वस्तू सपाट कागदावर आणताना काहीही सांडू द्यायचं नाही, हा हट्ट मी फक्त पप्पांचा पाहिला. नाक म्हणजे शंकू. शंकू उलगडला की जपानी पंख्यासारखा आकार होतो, तेवढं सोपं. पण पोट ना धड शंकू ना धड नळी. त्याच्या बारा पट्ट्या, प्रत्येक पट्टी शेजारणीपेक्षा जराशी वेगळी, प्रत्येकीच्या कडेला चिकटवायचे दाते. आधी ड्रॉइंग शीटवर रेघा. मग संपलेल्या बॉलपेननं दाबून घडीची खूण. मग ब्लेडनं कापायचं. मग पट्टी आईच्या लाटण्यावरून हलकेच ओढायची की ती आपोआप वळते. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, कागदाला कीड लागू नये म्हणून. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळी त्यांनी मोजून आणल्या होत्या. त्या सुईनं मागच्या बाजूनं टोचायच्या, म्हणजे वरून बारीक उठाव दिसतो. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेसाठी आईच्या छातीचा जुना एक्स-रे सोड्यात भिजवून भिजवून घासला, तेव्हा कुठं तो निळसर पारदर्शक झाला.

"माझ्या बरगड्या धुऊन टाकल्या तुम्ही," आई म्हणाली.

ती रागावली होती की गंमत करत होती, मला कळलं नाही. टेबल गेलं होतं, आम्ही महिनाभर जमिनीवर जेवत होतो. लाटण्याला खळ लागायची. एक दिवस तिनं विचारलं, "कशासाठी चाललंय हे सगळं?"

"हाताला वळण राहतं," पप्पा म्हणाले.

मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बघू, जमतंय का."

आणि एका दुपारी चोप्रा अंकल वर आले. चहा घेता घेता त्यांनी टेबलावरचा पंख उचलून पाहिला. "गायकवाड साहब, यह क्या बना रहे हैं?"

"रूथ के स्कूल का प्रोजेक्ट है," पप्पा म्हणाले.

मी तिथंच बसले होते. माझ्या शाळेचा असा काही प्रोजेक्ट नव्हता. दहावीला कसले प्रोजेक्ट? पप्पांना मी खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आणि इतकं सहज. चोप्रा अंकलनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. ते गेल्यावर मी वाट पाहिली की पप्पा काहीतरी म्हणतील. ते सुईनं रिव्हेट टोचत राहिले.

इथून माझं बिघडलं. त्यांनी अंकलना खरं का सांगितलं नाही? लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस लपवतो कशाला? आणि लपवण्यासारखं असेल तर ते काय? पंधरा वर्षांच्या डोक्याला भीतीची वाट फार लवकर सापडते. त्या दिवसांत पेपरात सरकारी दफ्तरांमधून कागद बाहेर गेल्याच्या, हेरगिरीच्या बातम्या येत होत्या. चोप्रा अंकल हिरवळीवर त्या मोठ्यानं वाचायचे आणि पेपरची घडी घालत म्हणायचे, "आजकल किसी का भरोसा नहीं." मी फिजिक्सच्या पुस्तकात डोकं खुपसून ऐकायची. आमच्या घरात कपाटावर, साडीच्या खोक्यात, लढाऊ जेटचे नकाशे होते. मोजून काढलेले. रिव्हेटसकट.

लोहडी ही पंजाब्यांची थंडीतली होळी. तिच्या आधीच्या रविवारी पप्पा उशिरा आले. जेवताना त्यांनी हसत हसत सांगितलं, "आज दोघांनी हटकलं. सव्वीस जानेवारी जवळ आली ना, बंदोबस्त आहे. वही बघितली, पानं मोजली. नाव-पत्ता लिहून घेतला."

"आणि वही?" आईनं विचारलं.

"दिली परत."

आईनं पोळ्यांचा डबा बंद केला. मग म्हणाली, "चुलीत घाला ते विमान. बास झालं आता."

"शेपटीच राहिलीय फक्त."

ते हात धुवायला उठले तेव्हा ताटात अर्धी पोळी तशीच होती. ते हसत होते ते कोणासाठी, मला कळेना.

लोहडी मंगळवारी आली. कॉलनीतल्या बागेत दरवर्षी पंजाबी मंडळी लाकडं रचायची. संध्याकाळी सहालाच अंधारून आलं होतं. धुकं उतरत होतं. ढोलकी वाजत होती, बायका आगीभोवती फिरून शेंगदाणे, रेवड्या, लाह्या टाकत होत्या. पप्पा ऑफिसातून आले नव्हते. आई चोप्रा आंटींबरोबर खाली होती. मी वर गेले, खुर्चीवर चढून कपाटावरचं खोकं काढलं. त्यात सगळं होतं. नकाशे, वही, कापलेले पंख, चिकटवून तयार झालेलं पोट, निळसर काच. मी ते शालीखाली धरलं आणि जिना उतरले. मी नक्की काय विचार करत होते? वडिलांना वाचवत होते असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्यात रागही होता. माझं नाव घेऊन ते खोटं बोलले होते, त्याचा.

"क्या डाल रही है, रुत?" चोप्रा आंटींनी विचारलं. आई तेव्हा आगीच्या पलीकडच्या बाजूला होती.

"पुराने पेपर, आंटी."

"डाल, डाल. पुराना सब जला दे."

कागद इतक्या पटकन पेटतो हे मला ठाऊक नव्हतं. खोकं उघडं पडलं आणि ते पोट क्षणभर आगीत अख्खं दिसलं, बाराही पट्ट्या, सगळे दाते. मग नाही. आंटींनी माझ्या हातावर रेवड्या ठेवल्या. मी खाल्ल्या.

पुढचे चार दिवस पप्पांनी खोकं काढलं नाही. ऑफिसात काम होतं. मी रोज शाळेतून आले की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. सांगू, सांगू म्हणायची. रविवारी मात्र आम्ही चर्चहून आलो, आणि या वेळी पप्पा चौकात उतरले नाहीत. घरी पोचून कपडे बदलतोय तोच दार वाजलं.

दोन माणसं होती. साधे कपडे, हातानं विणलेले स्वेटर, अगदी कोणाच्याही काकांसारखे. ओळखपत्र दाखवलं, बसले. नाताळची कार्डं अजून भिंतीवर दोरीला लटकत होती. त्यातला एक उठून एकेक कार्ड उलटं करून पाहायला लागला.

"कुवैत में कौन है?"

"मेरी बहन. नर्स है," आई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहा ठेवला. नाताळच्या उरलेल्या करंज्या बशीत काढल्या.  मी दारात पुस्तक घेऊन उभी होते.

दुसरा माणूस पप्पांना म्हणाला, "आप जहाज़ का नक्शा बना रहे हैं."

"मॉडेल. कागज़ का. खिलौना समझ लीजिए."

"तो दिखा दीजिए. बात ख़त्म."

बात ख़त्म. मला आजही ते दोन शब्द ऐकू येतात. खोकं कपाटावर असतं तर ते उघडलं असतं, त्यातला बोटाएवढा पंख हातात घेऊन ती माणसं हसली असती आणि करंजी खाऊन गेली असती. पप्पा खुर्चीवर चढले. कपाटावर हात फिरवला. मग पलंगाखाली वाकले. मग पुन्हा कपाट. मग थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खाली, स्वतःच्या हातांकडे. कोणाकडे किती वेळ पाहिलं हे मी इतक्या वेळा मोजलंय की आता त्या मोजण्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

"जला दिया," ते म्हणाले.

"किसने?"

"मैंने. ठीक नहीं बना था."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन महिने खपून केलेली वस्तू, नाव-पत्ता लिहून घेतल्यानंतर आठवड्याच्या आत जाळली. कोणालाही जे वाटेल तेच त्यांना वाटलं. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मला वाटलं, मी जाळलं म्हटलं तर विचारतील, का जाळलं? आणि त्याचं उत्तर काय देणार? माझे पप्पा हेर आहेत असं मला वाटलं म्हणून?

पप्पांना ऑफिसात जायला मनाई झाली. तीन दिवस ते रोज सकाळी डबा घेऊन त्या माणसांच्या कचेरीत जायचे आणि संध्याकाळी यायचे. काय विचारतात ते सांगायचे नाहीत. हिरवळीवर आमच्या बाजेशेजारी कोणी बाज टाकेना. आईनं ऊन खायला जाणं सोडलं नाही. एकटीच बसायची, विणत.

चौथ्या दिवशी पप्पा आले ते ड्रॉइंग शीटची गुंडाळी घेऊन.

"पुन्हा करून दाखवा म्हणाले. दहा दिवसांत."

"वहीशिवाय?" मी विचारलं.

"आकडे आहेत डोक्यात. बसतेस का धरायला?"

बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, पण मी बसले.  आईनं लाटणं आपण होऊन टेबलावर आणून ठेवलं. काचेसाठी या वेळी माझ्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे घासला. मी पट्ट्या धरायची, ते चिकटवायचे. आमच्या दोघांची डोकी इतकी जवळ असायची की त्यांच्या श्वासानं खळ वाळेल असं वाटायचं. त्यांच्या एवढ्या जवळ मी आधी कधी बसले नव्हते आणि नंतरही नाही. ते दहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत भयंकर दिवस होते, हे मी शपथेवर सांगेन. आणि सर्वांत सुखाचे होते असंही कधी कधी वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

एका दुपारी मी म्हणाले, "पप्पा, ते खोकं..."

"हलवू नकोस," ते म्हणाले. "दाता सुटेल."

मी हलले नाही. मग त्यांनी पुढची पट्टी घेतली. त्यांना खरंच दात्याची काळजी होती, की मला बोलू द्यायचं नव्हतं? सव्वीस तारखेला विमानं आमच्या छपरावरून गेली. सगळी कॉलनी गच्चीत होती. पप्पांनी वर पाहिलंसुद्धा नाही, खिडकीची काच थरथरली तशी फक्त खळीच्या वाटीवर हात ठेवला.

विमान दोन दिवस आधीच तयार झालं. मी आजवर पाहिलेल्या वस्तूंत तितकी नेमकी वस्तू दुसरी नाही. ते बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं, आणि रिक्षात दोन्ही हातांनी धरायला कोणीतरी हवं म्हणून मला बरोबर नेलं.

कचेरीतला मोठा साहेब वयस्क होता. मफलर, जाड काचांचा चष्मा, पप्पांसारखाच. त्यानं विमान तळहातावर घेतलं, फिरवलं, उलटं केलं, चाकांच्या कप्प्यांची दारं नखानं उघडून पाहिली. 

"नाप कहाँ से लिया?"

"परछाईं से."

त्यानं चष्मा काढला. "परछाईं से," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बेटा, तुम्हारे स्कूल का प्रोजेक्ट था?"

चोप्रा अंकल या लोकांशी बोलले होते तर. मी पप्पांकडे पाहिलं नाही. "जी."

"और पहले वाला किसने जलाया था?"

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला आजही ठाऊक नाही, पण तोंड उघडलं होतं एवढं नक्की.

"बताया तो, साहब. मैंने," पप्पा म्हणाले.

साहेबानं विमान टेबलावर ठेवलं. "सोमवार से दफ़्तर जाइए."

पप्पांनी खोकं पुढे केलं. साहेबानं नकारार्थी मान हलवली. "यह यहीं रहेगा. फ़ाइल में लगेगा."

"फ़ाइल में?"

"काग़ज़ ही तो है, गायकवाड साहब."

आम्ही रिकामं खोकं घेऊन घरी आलो. सोमवारी पप्पा ऑफिसात गेले. कुठलं पत्र आलं नाही, कोणी माफी मागितली नाही, कोणी दोषही लावला नाही. महिनाभरानं हिरवळीवर बाजा पुन्हा जवळ आल्या. चोप्रा अंकल पहिल्यासारखे चहाला यायला लागले आणि पप्पा त्यांच्याशी पहिल्यासारखे बोलायला लागले. मी दहावीला बऱ्यापैकी मार्क मिळवले. पप्पा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत जिने आणि टाक्या काढत राहिले. विमान त्यांनी पुन्हा केलं नाही. मी दुखावलेपण शोधायची, तर ते दिसायचं नाही. विसरलेत म्हणावं तर रविवारच्या बसमध्ये ते चौकाच्या उलट्या बाजूच्या खिडकीशी बसायचे. का करायला घेतलं होतं, हे मी त्यांना विचारू शकले असते. वीस वर्षं होती माझ्याकडे. पण ते विचारलं की पुढचं आलंच असतं. मग ते गेले. मला वाटत राहिलं की त्यांना ठाऊक होतं. मला वाचवायला ते 'मैंने' म्हणाले, दोनदा म्हणाले. या एका समजुतीवर मी उभी होते.

परवा मटार सोलून झाल्यावर मी आईला सांगितलं. कसं कोण जाणे, इतक्या वर्षांनी, पाणी प्यायला उठावं इतक्या सहज. तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, "आई, पप्पांचं ते विमान मी जाळलं होतं. लोहडीत."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"त्यांनीच जाळलं होतं ना?"

"नाही. मी. त्यांना कळलं होतं. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

आई मटारची टरफलं गोळा करत राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग ती सावकाश म्हणाली, "तुम्ही ते विमान देऊन आलात ना, त्या संध्याकाळी मी पोळ्या करत होते. ते स्वयंपाकघरात आले. मला म्हणाले, 'सुमन, तू जे केलंस ते बरोबरच केलंस. मला राग नाही.' एवढंच बोलले आणि गेले."

"तू काय केलं होतंस?"

"मला वाटलं, ती माणसं आली तेव्हा मी घाबरले नाही, चहा दिला, नीट उत्तरं दिली, ते. हिरवळीवर एकटी जाऊन बसत होते, ते. राग कसला म्हणतात ते काही कळलं नाही. पण विचारलं नाही मी. म्हटलं, कधी नव्हे ते बोललेत."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.

म्हणजे तो कपाटापाशी थांबला होता तेव्हा माझ्या बापानं आईकडे पाहून ठरवलं होतं. चुलीत घाला, असं तीच म्हणाली होती. 'मैंने' तो तिच्यासाठी म्हणाला होता. वीस वर्षं तो तिला माफ करून तिच्या शेजारी जेवला, झोपला, बसला. आणि तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

"आयुष्यात तेवढं एकच वाक्य बोलले होते गं माझ्याबद्दल," आई म्हणाली. "मी ते धरून होते."

 बाहेर धुकं वितळून ऊन आलं होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू सांगायला नको होतंस."

मग पलंगावर आडवी झाली, शाल ओढून घेतली, भिंतीकडे तोंड केलं. मी उठून जायला लागले तर तिकडूनच म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

दोन्ही वाक्यं ती म्हणाली, याच क्रमानं, आणि यातलं कुठलं खरं धरायचं ते तिला विचारायची माझी हिंमत होत नाही.